उपवास सोडताना भाज्यांचं सूप: गाळलेल्या पाण्यापासून गुरगुट्या भातापर्यंत

हरतालिकेला दिवसभर पाण्याचा थेंब नाही आणि दुसऱ्या दिवशी दुपारी गणपतीच्या नैवेद्याचं ताट, त्यात पाच मोदक आणि वर तुपाची धार. नवरात्राचे नऊ दिवस संपले की दसऱ्याला श्रीखंड-पुरी. यात पोट बिघडतं हे पुण्यातल्या प्रत्येक घराला माहीत आहे, म्हणून हल्ली बरेच जण ‘आम्ही सूपवर उपवास सोडतो’ असं सांगतात. कोणतं सूप म्हणून विचारावं, तर लोणी घातलेलं, कॉर्नफ्लॉवरने दाट केलेलं, वर मिरी भुरभुरलेलं टोमॅटो सूप. तेही मोठा बाऊल भरून, वाफाळतं, पाच मिनिटांत संपवलेलं. यापेक्षा वरणभात परवडला.

लोक सूपला एक पदार्थ समजतात, सगळी गडबड तिथून सुरू होते. उपवासानंतरच्या सुपाला पायऱ्या असतात. आधी नुसतं गाळलेलं पाणी, मग पातळ सूप, मग दाट, मग डाळीचं. भाज्या जवळपास त्याच राहतात, बदलतो तो त्यातला चोथा, स्निग्धपणा आणि तुम्ही घेता ते प्रमाण. खाली तो क्रम दिला आहे.

## आधी हे ठरवा: उपवास कोणता होता?

सगळ्या उपवासांना सगळ्या पायऱ्या लागत नाहीत.

एकादशी, चतुर्थी, सोमवार, आणि खिचडी-भगरीवर काढलेलं नवरात्र. साबुदाणा, दाण्याचं कूट, बटाटा, वेफर्स. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ असा मामला असेल तर पोट रिकामं नव्हतंच, उलट जड झालेलं आहे. थेट तिसऱ्या टप्प्याचं सूप एक वाटी घ्या आणि पुढच्या जेवणाला वरणभात.

एक दिवस निर्जळी. इथे अन्नापेक्षा पाणी कमी पडलेलं असतं. सकाळी आधी अर्धा पेला साधं पाणी घोटाघोटाने. अर्ध्या तासाने पहिला टप्पा, दोन-अडीच तासांनी तिसरा, दुपारी मऊ भात. मोदक खायचाच असेल तर भातानंतर एक. उरलेले संध्याकाळी.

दोन-तीन दिवस फक्त पाणी किंवा रस. हा लेख मुख्यतः यांच्यासाठी. पहिल्या दिवशी पहिला आणि दुसरा टप्पा, दुसऱ्या दिवशी तिसरा आणि चौथा, तिसऱ्या दिवशी भात. उपवासाचे जितके दिवस, त्याच्या निदान निम्मे दिवस परतीला द्यावेत, हा ठोकताळा बरा आहे. चार दिवस झाले असतील तर प्रत्येक टप्पा थोडा लांबवा आणि डॉक्टरांना निदान फोन करून विचारा.

पाच दिवसांपेक्षा जास्त. अठ्ठाई (जैनांचा आठ दिवसांचा उपवास) असो की निसर्गोपचाराचा मोठा उपवास, इतके दिवस जवळजवळ काहीच खाल्लं नसेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय तो सोडू नका. इतक्या दिवसांनी पोटात एकदम पिष्ट आणि साखर गेली की शरीरात इन्शुलिन वाढतं आणि रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम झपाट्याने पेशींमध्ये शिरतं. रक्तातली पातळी घसरते आणि त्याचा परिणाम थेट हृदयावर होऊ शकतो. हे घरच्या घरी चमच्याने मोजून सांभाळता येत नाही, रक्ततपासणी लागते. उरुळी कांचनच्या आश्रमासारख्या निसर्गोपचार केंद्रांमध्ये लोक राहून उपवास करतात ते उगीच नाही. तिथे सोडण्यावरही कुणाची तरी नजर असते.

पंचकर्म झालं असेल तर तुमच्या वैद्यांनी संसर्जन क्रम, म्हणजे आहार टप्प्याटप्प्याने वाढवायचा क्रम, लिहून दिलेला असतो. त्यात पेया आणि विलेपी, म्हणजे तांदळाची पातळ पेज आणि दाट पेज, आधी येतात आणि यूष, म्हणजे डाळीचं कढण, नंतर. तो क्रम आणि हा क्रम यांची खिचडी करू नका. वैद्यांचा कागद पाळा.

> थांबा. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू आहे, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार आहे, गरोदरपण आहे, अंगावर दूध पिणारं बाळ आहे किंवा वजन मुळातच फार कमी आहे, यातलं काहीही असेल तर आधी डॉक्टर, मग पातेलं. मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी एक खास गोष्ट: भाजी उकळली की तिच्यातलं बरंचसं पोटॅशियम पाण्यात उतरतं, आणि इथे आपण नेमकं तेच पाणी पिणार आहोत.

## १. बाजार: आदल्या संध्याकाळीच

उपवास सोडायच्या सकाळी भाजी आणायला जाऊ नका. रिकाम्या पोटी मंडईत गेलं की माणूस दुधी आणायला जातो आणि कोपऱ्यावरचा वडापाव घेऊन येतो.

चारही टप्प्यांसाठी एवढं पुरतं:

- कोवळा दुधी, ३०० ग्रॅम
- लाल भोपळा, २०० ग्रॅमची फोड
- गाजर, एक मध्यम
- टोमॅटो, एक पिकलेला
- दोडका किंवा पडवळ, १०० ग्रॅम
- कोथिंबीर, देठांसकट थोडी
- आलं, अर्धा इंच
- जिरे, मीठ, साजूक तूप. घरात असतातच
- पिवळी मुगाची डाळ, चौथ्या टप्प्यासाठी

दुधी कोवळा आहे की नाही हे नख लावून कळतं, पण भाजीवाले त्यावर भडकतात, आणि बरोबरच आहे त्यांचं. नख न लावता ओळखायचं तर रंग फिकट हिरवा, सालीवर बारीक लव, हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने जड. हलका लागला तर आत बिया धरलेल्या आहेत. लाल भोपळ्याची फोड समोर कापून घ्या. सकाळपासून कापून ठेवलेल्या फोडीच्या गरावर बोट फिरवलं की बुळबुळीत लागतं, ती नको.

काय आणायचं नाही तेही सांगते: कोबी, फ्लॉवर, ढोबळी मिरची, मटार, मक्याचे दाणे, मशरूम. चांगल्या भाज्या आहेत, पण या दोन-तीन दिवसांत गॅस धरतात. बटाटाही नको. सूप दाट करायला बटाटा घालायची सवय असते, आणि पहिल्या दिवशी दाटपणा हाच तर नको असतो. पालक तिसऱ्या टप्प्यापर्यंत थांबू शकतो. पावसाळ्यात तर तो आणूच नये असं माझं मत आहे. श्रावण-भाद्रपदात जुडीत अर्धी माती येते आणि किंमत मात्र पूर्ण.

घरात चातुर्मास पाळत असतील तर या पाककृतीत कांदा-लसूण नाहीच. जैन घरांत गाजर आणि ओलं आलं वगळा, त्याऐवजी दुधी वाढवा आणि चिमूटभर सुंठ घाला. चवीत काही अडत नाही.

## २. निवडणं, धुणं आणि चाखणं

भाज्या कापण्याआधी वाहत्या पाण्याखाली हाताने चोळून धुवा. कापल्यावर धुवू नका. कोथिंबिरीचे देठ भांडंभर पाण्यात बुडवून वर उचला, पाणी ओता, पुन्हा बुडवा. तळाशी माती दिसेनाशी होईपर्यंत. पाणी देठांवरून ओतलंत तर खाली बसलेली माती परत त्यांच्यावरच.

आता या लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं काम. दुधी सोलल्यावर त्याच्या दोन्ही टोकांचा बारीक तुकडा कच्चा चाखून बघा. कडू लागला तर थुंका, चूळ भरा आणि अख्खा दुधी टाकून द्या. दुधी, दोडका, पडवळ या वेलवर्गीय भाज्यांत कधीकधी कुकुरबिटासिन नावाची विषारी द्रव्यं जास्त प्रमाणात तयार होतात. ती उकळून जात नाहीत, मीठ-गूळ घालून नुसती चव झाकली जाते. कडू दुधीच्या रसाने उलट्या, रक्ताची उलटी, रक्तदाब कोसळणं, इथवर प्रकार गेलेले आहेत आणि माणसं दगावलीही आहेत. दोडका आणि पडवळही असेच चाखा. ‘थोडासा कडवट आहे, पण चालेल’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

टोमॅटोच्या बिया काढून टाका. लाल भोपळ्याची साल पहिल्या टप्प्यासाठी राहू द्या, तशीही ती गाळली जाणार आहे.

> तपासा: दुधी चाखला? दोडका चाखला? मगच गॅस पेटवा.

## ३. पहिला टप्पा: गाळलेलं पाणी

याला सूप म्हणायला जीव होत नाही. तरी सगळा खेळ यावरच उभा आहे.

जाड बुडाच्या पातेल्यात सव्वा लिटर गार पाणी घ्या. दुधी २०० ग्रॅम, भोपळा १०० ग्रॅम, अर्धं गाजर, अर्धा टोमॅटो, कोथिंबिरीचे देठ, ठेचलेलं आलं आणि अर्धा चमचा अख्खे जिरे. भाज्यांच्या फोडी सुपारीएवढ्या. फार बारीक चिरल्या तर विरघळून पाणी गढूळ होतं.

गार पाण्यातच भाज्या घालून मध्यम आचेवर ठेवा. उकळी फुटली की आच अगदी मंद करा, झाकण थोडं कलतं ठेवा आणि ३५ ते ४० मिनिटं शिजू द्या. पाणी खदखदायला नको, कडेने बुडबुडे येत राहिले की पुरे. मग गाळण्यावर मलमलचं फडकं घालून गाळा. फडकं पिळू नका, चमच्याने दाबू नका. पिळलंत की चोथा आणि पिष्ट खाली उतरतं आणि पहिला टप्पा तिथेच संपतो. पाऊण लिटरच्या आसपास फिकट केशरी पाणी मिळेल. त्यात आता मीठ घाला, अर्ध्या चमच्यापेक्षा थोडं कमीच. मीठ शेवटी, कारण आटल्यावर किती पाणी उरेल ते आधी कळत नाही.

मीठ अजिबात नको असं काही जण सांगतात. मला ते पटत नाही. दोन दिवस पाण्यावर राहिलेल्या माणसाला थोडं मीठ हवंच असतं, बिनमिठाचं पाणी पिऊन चक्कर आल्यासारखं वाटतं. रक्तदाबामुळे मीठ बंद असेल तर गोष्ट वेगळी. सैंधव की साधं, यावर वाद घालत बसू नका, चिमूट तेवढीच ठेवा.

कुकर का नाही? कुकरमध्ये भाज्यांचा लगदा होतो आणि गाळलेलं पाणीसुद्धा पिठाळ येतं. कुकर तिसऱ्या टप्प्याला वापरा, तिथे तो शहाणा आहे.

घ्यायचं कसं: अर्धी ते पाऊण वाटी, म्हणजे साधारण १०० मिली. कोमट. बसून, चमच्याने, पंधरा मिनिटांत. मग दोन तास काही नाही, तहान लागली तर साधं पाणी. दोन तासांनी पोट शांत असेल तर पुन्हा एक वाटी.

इथे बहुतेक जण घसरतात. पहिली अर्धी वाटी पोटात गेली की भूक अशी काही खवळते की उरलेलं पातेलं तोंडाला लावावंसं वाटतं. मी स्वतः एकदा तीन दिवसांच्या उपवासानंतर सलग चार वाट्या प्यायले होते, ‘पाणीच तर आहे’ म्हणून. अर्ध्या तासात पोट ढोलासारखं झालं आणि दुपार आडवं पडून काढली. तेव्हापासून पहिली अर्धी वाटी ओतून घेतली की पातेलं स्वयंपाकघरात ठेवून मी बाहेरच्या खोलीत जाऊन बसते.

> तपासा: पहिल्या वाटीनंतर मळमळ, पोटात कळ किंवा जुलाब झाले का? झाले असतील तर पुढच्या टप्प्यावर जाऊ नका. पुढच्या वेळी पुन्हा हेच पाणी, निम्म्या प्रमाणात.
>
> धोक्याची खूण: छातीत धडधड, धाप, पायांवर सूज, हातापायांतली ताकद गेल्यासारखी वाटणं, बोलण्यात गोंधळ. यातलं काही दिसलं तर सूप बाजूला ठेवा आणि रुग्णालय गाठा. रुग्णवाहिकेसाठी १०८.

## ४. दुसरा टप्पा: पातळ सूप

पहिल्या दिवशी संध्याकाळी. उरलेला दुधी आणि दोडका सोलून, दोन वाट्या पाण्यात मऊ शिजवा, वीस मिनिटं पुरतात. पहिल्या टप्प्यातल्या गाळून उरलेल्या भाज्या इथे वापरायचा मोह होतो. वापरू नका, त्यांच्यातली चव पाण्यात गेलेली आहे. त्या गाईला किंवा कंपोस्टला.

शिजलेली भाजी पुरणयंत्रातून काढा. हो, पुरणाच्याच. होळीनंतर माळ्यावर गेलेलं ते यंत्र या कामासाठी मिक्सरपेक्षा सरस आहे, कारण दोडक्याचे धागे आणि बिया वरच राहतात. मिक्सर त्यांचेच बारीक कण करून सुपात मिसळतो. निघालेला गर पहिल्या टप्प्याच्या उरलेल्या पाण्यात मिसळा. प्रमाण एकास तीन: एक वाटी गर, तीन वाट्या पाणी. एक उकळी, वाटलेलं थोडं जिरं, लागलंच तर मीठ.

चमच्यातून ओतलं की ताकासारखं पडलं पाहिजे. अजून तूप नाही, फोडणी नाही, मिरी नाही. लिंबूही नको, रिकाम्या पोटाला आंबट झोंबतं. एका वेळी एक वाटी, रात्री आठच्या आत शेवटची.

## ५. तिसरा टप्पा: दाट, एकजीव सूप

दुसऱ्या दिवशी सकाळी. आता चोथा चालतो.

लाल भोपळा १०० ग्रॅम (आता साल काढून), अर्धं गाजर, अर्धा टोमॅटो आणि दीड वाटी पाणी कुकरमध्ये घालून दोन शिट्या काढा. कुकरची वाफ आपोआप जाऊ द्या. मग भाजी निवू द्या, निदान पंधरा मिनिटं. गरम भोपळा मिक्सरमध्ये घालून झाकण घट्ट बंद केलं की आतल्या वाफेने झाकण उडतं. आमच्या ओट्यामागच्या पांढऱ्या टाइल्सच्या फटी त्या प्रकारानंतर कित्येक दिवस पिवळ्या होत्या, हात भाजला तो वेगळा. भांडं निम्म्याहून जास्त भरू नका.

वाटून झालं की पातेल्यात काढून हवं तसं पाणी घाला आणि मंद आचेवर एक उकळी आणा. वरून तूप, अर्धा छोटा चमचा, वाटीमागे. याहून जास्त नको. उपवासात पित्ताशय रिकामं होत नाही, त्यात पित्त साठून घट्ट झालेलं असतं. एकदम लोणी किंवा साय गेली की ते जोराने आकुंचन पावतं, आणि ज्यांच्या पित्ताशयात खडे आहेत त्यांना कळ येऊ शकते.

पालक घ्यायचा असेल तर इथे. आधी उकळत्या पाण्यात दोन मिनिटं बुडवून ते पाणी फेकून द्या, त्यात ऑक्झलेट उतरतं. मुतखडा होऊन गेलेल्यांनी पालकाला रामराम करावा. रक्त पातळ करायची वॉरफॅरिनसारखी गोळी चालू असेल तर एकदम वाडगाभर पालकही नको.

दाटपणासाठी कॉर्नफ्लॉवर, मैदा, ब्रेडचे तुकडे घालू नका. भोपळा मुळातच दाट आहे. पाकिटातली तयार सुपं तर या दिवसांत कपाटातच राहू देत, त्यांत मीठ आणि पिष्ट दोन्ही भरपूर.

> तपासा: पोट साफ झालं का? झालं नसेल तरी घाबरू नका, दोन-तीन दिवस खाल्लं नाही तर बाहेर पडायला फारसं काही नसतं. त्यासाठी एरंडेल घेऊ नका.

## ६. चौथा टप्पा: मुगाचं कढण घालून

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. पिवळी मुगाची डाळ दोन मोठे चमचे, पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा आणि अर्धा तास भिजवा. तीन वाट्या पाण्यात चिमूटभर हळद घालून पातेल्यात शिजवा. वर फेस येतो तो चमच्याने काढत राहा. हा फेस लोक ढवळून आत घालतात, आणि मग डाळ उतू जाऊन शेगडी घासत बसतात. डाळ बोटाने चेपली की पूर्ण मोडली पाहिजे. रवीने घोटा आणि तिसऱ्या टप्प्याचं सूप त्यात निम्मंनिम्म मिसळा.

आता फोडणी चालेल: अर्धा चमचा तूप, जिरे, हिंग. हिंग अगदी कणभर. बांधणीच्या हिंगात गव्हाचं किंवा तांदळाचं पीठ मिसळलेलं असतं, गहू वर्ज्य असणाऱ्यांनी डबीवर वाचून घ्यावं. मोहरी, मिरची, गोडा मसाला अजून दोन दिवस लांब. आमटीची आठवण येणार, येऊ द्या.

एका वेळी दीड वाटी चालते. सोबत पोळी, पाव, भाकरी काही नाही.

## ७. भाताकडे

तिसऱ्या दिवशी दुपारी गुरगुट्या भात. आंबेमोहोर मिळाला तर उत्तम, तो मऊ आणि थोडा चिकट शिजतो. एका वाटी तांदळाला पाच-सहा वाट्या पाणी, मीठ, आणि बोटांत मुरगळेल इतका मऊ. त्यावर चौथ्या टप्प्याचं सूप. एक मूद खाऊन थांबा. रात्री पुन्हा तेच, थोडं जास्त. पोळी चौथ्या दिवशी. तळण, श्रीखंड, बासुंदी, हॉटेल हे त्यानंतर, आणि चहासुद्धा रिकाम्या पोटी नाही, भातानंतर. पुण्यात ही शेवटची अट सगळ्यात आधी मोडली जाते याची मला कल्पना आहे.

## उरलेल्या सुपाचं काय?

पहिल्या टप्प्याचं पाणी सकाळी केलेलं संध्याकाळी वापरायचं असेल तर गाळल्यावर पसरट भांड्यात लवकर गार करा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा. ओट्यावर झाकून ठेवलेलं सूप ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात दुपारपर्यंत आंबतं. फ्रिजमधलं २४ तासांत संपवा. जेवढं घ्यायचं तेवढंच वेगळ्या पातेलीत काढून चांगली उकळी आणा आणि मग कोमट होऊ द्या. अख्खं पातेलं पुन्हा पुन्हा गरम करू नका. डाळ घातलेलं सूप मात्र त्या-त्या वेळी ताजंच करा, नाहीतर फ्रिजमध्ये त्याचं पिठलं होतं.